शेंदराचं खोकं

नाना पेडगावकरांना प्रत्येक वस्तू बोटाच्या पेरानं ठोकून बघायची खोड होती. खरबूज ठोकतात ते ठीक आहे, सगळेच ठोकतात. पण हे गृहस्थ घागर ठोकत, दार ठोकत, भिंत ठोकत, आणि दुसऱ्याच्या घरी जेवायला गेले तर पाटसुद्धा ठोकून मगच त्यावर बसत. ठोकायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि म्हणायचं, "बोलतंय." म्हणजे वस्तू चांगली. नाहीतर म्हणायचं, "बोदं आहे." लग्नानंतर आम्ही दोघं त्यांच्या पाया पडायला गेलो, तेव्हा यांच्या पागोट्यावर टकटक करून ते मला म्हणाले होते, "बोलतंय हो, सूनबाई. चांगलं मिळालंय." मी पदराआड हसले, आणि घरी येऊन सासूबाईंची बोलणी खाल्ली.

देवासला आमचं घर धाकट्या पातीत आणि नानांचं थोरल्या पातीत. मध्ये फक्त रस्ता. एका गावात दोन राजे म्हटलं की बाहेरच्यांना मौज वाटते, आम्हांला त्याचं काही नव्हतं. इकडे यांचे साहेब वेगळे, तिकडे नानांचे वेगळे, भाजीवाली तेवढी दोघांची एकच. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नानांचा ओटा दिसायचा, ओट्यामागची खोली दिसायची आणि खोलीतली माईंची खाट दिसायची. तेव्हा मी सांगते आहे ते ऐकीव नाही. भाकरी थापता थापता डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

नाना थोरल्या पातीच्या दरबारी कोठीवर नोकरीला होते आणि त्या सुमारास निवृत्त होऊन घरी बसले होते. अंगानं काटकुळे, कान मोठे, आणि आवाज असा की शेजारच्या खाटेवरचं मूल जागं होऊ नये. मोहल्ल्यातलं जे जे गळेल ते त्यांच्या ओट्यावर यायचं. छत्री, पन्हळ, घंगाळ, पखाल. पैसे घेत नसत, पण ज्याची वस्तू त्याला तिचा दोष तोंडावर ऐकून घ्यावा लागे. आमच्या सासूबाईंचं घंगाळ सांधून दिलं तेव्हा म्हणाले, "वहिनी, भांड्यात खोट नाही. तुम्ही रागानं आपटता." सासूबाई पुढे बरेच दिवस त्यांच्या ओट्यासमोरून जाताना मान फिरवून जायच्या. नानांना पत्ता नाही! ते आपले त्या मानेलाही हसून "बरं आहे ना, वहिनी?" म्हणायचे.

माई म्हणजे नानांची बायको. त्यांची मुलगी ग्वाल्हेरला दिलेली, घरात ही दोघंच. माईंचा नेम असा की रोज सकाळी तळ्यावर स्नान करायचं आणि वाटीभर कणकेच्या गोळ्या माशांना घालायच्या. पुण्यासाठी घालणाऱ्या खूप जणी असतात. गोळ्या फेकल्या, हात जोडले, चालल्या. माईंचं तसं नव्हतं. त्या पायरीवर बसून एकेक गोळी सोडायच्या आणि माशांशी बोलायच्या. हावरटाला दटावायच्या, लाजऱ्यासाठी एक गोळी मागे ठेवायच्या. उशीर झाला की नाना घरून निघायचे आणि काही न बोलता त्यांच्या शेजारी बसून राहायचे. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा, खरं सांगते. नवरा-बायकोनं नुसतं शेजारी बसायचं असतं, हे मी आमच्या घरात पाहिलेलं नव्हतं.

त्याच पायरीवरच्या शेवाळावरून माई पडल्या. कमरेचं हाड गेलं. वैद्य झाले, हाड बसवणारे झाले, लेप झाले. पण माई खाटेवरून उठल्या नाहीत.

सुरुवातीला खाटेवर पडल्या पडल्या त्या गोळ्या वळून द्यायच्या आणि नाना जाऊन घालून यायचे. आल्यावर उशाशी बसून सगळं सांगायचे. आज पाणी किती होतं, कोण वर आलं, कोणी कुणाची गोळी पळवली. मी खिडकीतून ऐकायची. नानांना सांगता यायचं नाही हो! कोठीतला माल सांगावा तसे मासे सांगायचे बिचारे. एक दिवस माई म्हणाल्या, "नका सांगू आता. सांगितल्यानं जास्तच आठवतं." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

ते केलं ते केलंच. गोळ्या वळणं बंद झालं. बोलणं हो-नाहीवर आलं. मग ताट जसंच्या तसं परत जायला लागलं. वैद्यबुवा नानांना ओट्यावर घेऊन हळूच म्हणाले, "दुखणं जीवघेणं नाही. पण त्यांना जेवायचंच नसेल तर माझ्या पुड्या काय करणार?" सासूबाईंनी तर आमच्या चुलीपुढे बसून सांगून टाकलं, "भिंतीकडे वळलेलं माणूस फार दिवस राहत नाही. मी पाहिलंय." मला त्यांचा असा राग आला! पण त्यांचे डोळे भरलेले होते, म्हणून गप्प बसले.

त्यानंतर नाना आपल्या जुन्या कोठीतून चहाचं एक रिकामं खोकं उचलून घेऊन आले.

तेव्हा चहा आमच्याकडे साहेबलोकांचा आणि दरबारी पाहुण्यांचा. महूच्या छावणीकडून खोकी यायची. पातळ पातळ लाकडाचे पापुद्रे एकावर एक डकवून केलेल्या फळ्या. आता माझा नातू त्याला प्लायवूड म्हणतो. नानांचा बेत असा की या खोक्याला एका बाजूनं काच बसवायची, पाणी भरायचं आणि मासे घरी आणायचे. महूच्या एका साहेबाच्या दिवाणखान्यात त्यांनी काचेची तशी पेटी पाहिली होती. माईंना मात्र काही सांगायचं नाही. "गळलं तर? आशा लावून गळलं तर तिला काय तोंड दाखवू?" असं मला म्हणाले.

काशीराम सुतार काच बसवायला आला, तो खोक्याकडे बघून हसायलाच लागला. "बासाब, यो लाकड़ो नी हे, यो तो पापड़ हे!" काच आणली कुठून, तर इंदूरला काढलेला नानांचा पागोटं घातलेला एकुलता एक फोटो भिंतीवर होता, त्याची चौकट उकलली. मी म्हटलं, "नाना, अहो फोटोला धूळ बसेल की." म्हणाले, "बसू दे. माझं तोंड बघायला मी आहेच की घरात."

पहिल्यांदा त्यांनी राळ आणि मेण कढवून सांध्यांत भरलं. सकाळी पाणी घातलं, दुपारपर्यंत राळेला तडे गेले आणि सगळं पाणी ओट्यावरून, रस्त्यावरून आमच्या दारात. मामंजी सुपारी कातरत म्हणाले, "थोरल्या पातीनं धाकटीवर स्वारी केली, भिया! कुणी दरबारात वर्दी द्या." दुसऱ्यांदा गवंडी करतात तसा चुना, गूळ आणि बेलाचा गर लावला. तो तर धरला चांगला. पण पाणी फळीच्या कडेनं आत शिरलं, पापुद्रे फुगले आणि एक कोपरा पोथीच्या पानांसारखा सुटला. काशीरामानं कपाळाला हात लावला. "पाणी कणी को सगो नी, बासाब."

"सगं नाही म्हणूनच खरं सांगतं," नाना म्हणाले. "माणसं भीड ठेवतात." आणि सुटलेली बाजू काढून दुसऱ्या खोक्याची लावायला बसले. दोष कळला होता. फळीच्या अंगातून पाणी शिरत नाही, कापलेल्या कडेतून शिरतं. कडेचं तोंड बुजवायचं कशानं, एवढंच कळत नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी मी पाहिलं, नाना ओल्या खोक्यात हात घालून नुसते बसले होते आणि आत माईंचं न हललेलं ताट झाकून ठेवलेलं होतं. 

अशात टेकडीच्या पायथ्याच्या मारुतीनं चोला सोडला. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, वर्षानुवर्षं देवाला तेल-शेंदूर चढतो, त्याची हाताच्या जाडीची खोळ होते आणि कधीतरी देव ती आपणहून टाकतो. आतून मूळची मूर्ती निघते. माळव्यात हा मोठा सोहळा. ढोल-ताशे लावून खोळीचे तुकडे क्षिप्रेत शिरवायला, म्हणजे विसर्जन करायला, नेतात. सगळा मोहल्ला दर्शनाला लोटला. नानांना यांनी ओढूनच आणलं होतं. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेलेला. चोल्याचा एक मोठा तुकडा पाराच्या खाली उताणा पडला होता आणि त्याच्या खोलगट पोटात पावसाचं पाणी तसंच्या तसं उभं होतं. सगळे हात जोडून डोळे मिटून उभे. नाना खाली वाकले आणि त्या तुकड्यावर टकटक!

पुजारी किंचाळला, "अरे नाना भिया, भगवान हैं वो! खरबूजा नहीं!"

सासूबाई मला चिमटा काढून म्हणाल्या, "गेलं गं, म्हाताऱ्याचं डोकं गेलं." आणि नाना त्या पाण्यात बोट घालून, पुजाऱ्याकडे बघत, लहान मुलासारखे विचारत होते, "महाराज, तेल कोणतं चढतं हो याला?" पुजारी आधी वैतागला, मग म्हणाला की टोंकखुर्दचा तेली पिढ्यान्‌पिढ्या अळशीचं आणून चढवतो. नाना म्हणाले, "बोलतंय," आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लोकांना वाटलं भक्तीचं. असेलही. मी कोण सांगणार?

मग सुरू झालं लिंपण. अळशीचं तेल कढवायचं, त्यात शेंदूर घोटायचा, कापसाची वात त्यात भिजवून सांध्यांत सुरीच्या पाठीनं ठासायची, कडा दोनदा माखायच्या, मग आतून-बाहेरून हात द्यायचा आणि वाळू द्यायचं. वाळलं की पुन्हा. इकडे माईंचे गाल दिवसेंदिवस आत चाललेले. मला राहवेना. म्हटलं, "नाना, जरा लवकर नाही का होणार?" ते म्हणाले, "वरचं वाळलं म्हणजे आतलं वाळलं असं नसतं, सूनबाई. घाईचं लिंपण आणि घाईचं बोलणं, दोन्ही मागाहून गळतं." हात शांत चालला होता. पण मी जवळून पाहिलं, दाढी कितीतरी दिवसांची वाढलेली होती.

खोकं ओट्यावर उन्हात वाळत पडलं, लालभडक. आणि आमच्या गावात शेंदूर लागला की तो देव! आधी कुणीतरी जास्वंदीचं फूल ठेवलं. मग शनिवारी रुईची माळ पडली. नाना रोज चुपचाप फुलं उचलून खऱ्या मारुतीला नेऊन वाहायचे. एकदा एक बाई पोराला घेऊन खोक्याला प्रदक्षिणा घालताना मी या डोळ्यांनी पाहिली. नाना बाजूला सरकून तिला वाट देत होते. "अहो, सांगा की तिला," मी खिडकीतूनच ओरडले. नाना म्हणाले, "पोराला ताप आहे तिच्या. घालू दे."

आणि पुढच्या शनिवारी आमच्या सासूबाई निघाल्या. नाना तेव्हा तळ्यावर गेले होते. माईंचा नेम ते मोडू देत नसत, गोळ्या आता स्वतःच कशाबशा वळायचे. सासूबाईंच्या हातात नारळ. बरं, हे खोकं चहाचं आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं का? पहिल्या खिळ्यापासून ठाऊक होतं! त्याचं पाणी आमच्याच उंबऱ्यात आलं होतं. पण त्यांचं म्हणणं, एकदा चोला चढला की आत देव येतो, मग आत चहा होता की चिंच, ते बघायचं नसतं. मी पिठाच्या हातानं धावले, "अहो सासूबाई, थांबा, थांबा!" तोवर त्यांनी नारळ दणकन खोक्याच्या कोपऱ्यावर फोडला होता.

कोपरा उलला. शेंदराची ढलपी निघाली आणि आतले पापुद्रे दिसायला लागले. मला इतका संताप आला की सून आहे हे विसरून काहीतरी बोलणारच होते, तेवढ्यात नाना रिकामी वाटी घेऊन समोर उभे. सासूबाईंच्या दोन्ही हातांत दोन भकलं, पाणी मनगटावरून गळतंय. एकदम त्यांचा चेहरा पडला.

"माईसाठीच नवस बोलले होते हो," त्या म्हणाल्या. "उठून चार घास खाऊ दे म्हणून. तुमचं कामच मोडलं मी."

नानांनी वाटी ओट्यावर ठेवली. कोपरा ठोकला. बोदा आवाज आला. मग सासूबाईंच्या हातातलं एक भकल घेऊन त्यावर पेर मारलं आणि म्हणाले, "वहिनी, नारळ मात्र उत्तम निघाला." आणि मटकन ओट्यावर बसले.

तेवढ्यात आतून आवाज आला. इतके दिवस न ऐकलेला, म्हणून आधी ओळखूच आला नाही. माई भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारत होत्या, "नारळ कोण फोडतंय?"

"वहिनी. आपल्या मारुतीला."

"आपल्याकडे कुठला मारुती?"

मग नानांना सगळं सांगावंच लागलं. दारात उभं राहून माईंच्या पाठीला सांगितलं. खोकं, काच, राळ, चुना, चोला, प्रदक्षिणा, सगळं. मग माईंचे खांदे हलायला लागले. आम्हांला वाटलं रडतात. सासूबाई तर पदराला डोळे पुसायला लागल्या. बघतो तर हसत होत्या! "चहाच्या खोक्याला, अगंबाई, प्रदक्षिणा!" दम लागेपर्यंत हसल्या आणि मग म्हणाल्या, "बाहेरून काळं करा हो त्याला. शनी म्हणतील आणि लांबूनच हात जोडतील."

"शनिवारी येऊन तेल ओततील."

"ओतू देत की. तेलानं लाकूड टिकतं."

पण एवढं बोलून त्या पुन्हा गप्प झाल्या आणि रात्रीचं ताट परत गेलंच. हसल्या म्हणजे झालं असं नव्हतं.

कोपरा पुन्हा सांधला. बाहेरून लावायची काजळी सासूबाईंनी स्वतः पणत्यांवर मातीचं परळ धरून पाडली. स्वतः! या बाईनं आयुष्यात दुसऱ्याच्या कामाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. मग नाना रोज पाणी भरत आणि ओतून देत, तेलाचा तवंग आणि वास जाईपर्यंत. शेवटी खोक्याखाली चुलीतली राख चाळून पसरली आणि पाणी भरून ठेवलं. राख कोरडी राहिली. दुसऱ्या दिवशीही कोरडी. नानांनी ठोकलं, मान तिरकी केली आणि मोठ्यानं काही म्हणायचंच विसरले.

तळ्यातले मासे ते आणणार नव्हते. "ते तिच्या भेटीला येतात, त्यांना धरून कसं आणू?" गावाबाहेरच्या ओढ्यातून भोयाकडून बोटाएवढे मासे घेतले आणि तांब्याच्या कळशीतून भर बाजारातून आणले. कुणीतरी विचारलं, "नाना, कळशीत काय?" म्हणाले, "मासे." "पेडगावकरांच्या घरी मासे?" "हो. संध्याकाळी या. बघायला या, जेवायला नको."

यांनी आणि काशीरामानं खोकं उचलून आत नेलं. कुठं ठेवायचं यात कुणाला शंकाच नव्हती. खाटेच्या अलीकडे, दाराकडच्या अंगाला. सासूबाई म्हणाल्या, "इथंच ठेवा. मासे बघायचे तर वळेलच आता." हे म्हणाले, बरोबर आहे. मलाही तेच वाटत होतं. इतके दिवस आम्ही सगळे त्याचीच तर वाट बघत होतो.

नाना म्हणाले, "तिला अट कशाला?"

त्यांनी खाटेला हात घातला. यांनी दुसरीकडून धरलं आणि माईंसकट खाट भिंतीपासून अलगद ओढली. मधल्या फटीत विटा रचल्या, त्यावर खोकं ठेवलं, काच माईंच्या डोळ्यांसमोर. कळशीनं पाणी भरलं, मग मासे सोडले. वरच्या झरोक्यातलं ऊन शेंदरावर पडलं आणि पाणी लालसर उजळलं. आम्ही माईंच्या पाठीकडे बघत उभे. बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज आला, "कुणीतरी कणीक भिजवा गं. घट्ट भिजवा."

सासूबाई पळाल्याच.

माई त्यानंतर उठल्या नाहीत, आणि आमच्याकडे वळल्याही नाहीत. तोंड भिंतीकडेच. पण ताट जाताना भरलेलं आणि येताना रिकामं, हे मी माझ्या खिडकीतून रोज बघत होते. वैद्यबुवांनी पुड्या बंद केल्या. सासूबाई दुपारी जाऊन बसायच्या आणि दोघी भिंतीकडे बघत गप्पा मारायच्या.

दोन पावसाळ्यांनंतर यांना धारच्या दरबारात जागा मिळाली. सामान गाडीत चढलं, गाडीवान घाई करायला लागला, आणि मी नाना-माईंच्या पाया पडायला रस्ता ओलांडून गेले. दार उघडंच होतं. माई कुशीवर, तोंड भिंतीकडे. आणि नाना खाटेवर त्यांच्या शेजारी, त्यांच्यासारखेच भिंतीकडे तोंड करून बसलेले. दोघांच्या पाठी माझ्याकडे. माई एकेक गोळी सोडत होत्या, कुणालातरी दटावत होत्या, आणि नाना मान हलवत होते. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

निजलेल्या माणसाला नमस्कार करू नये म्हणतात. पाठीला तर करूच नये. सगळं ठाऊक होतं मला. मी उंबऱ्यावर डोकं टेकवलं आणि निघाले.